नागपूरच्या ले-आऊटमधील रस्ते चालण्याजोगे करण्यासाठी

मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, दिघोरी, वाठोडा, झिंगाबाई टाकळी, दाभा अशा भागांत गेल्या काही दशकांत जी वस्ती वाढली, तिथे घरासमोर रस्ता आहे आणि बहुतेक ठिकाणी तो सिमेंटचाही झाला आहे. तरीही दूध आणायचे असो, मुलाला शिकवणीला सोडायचे असो किंवा दवाखान्यात जायचे असो, घरातला माणूस आधी गाडीची किल्ली शोधतो, कारण अर्धा किलोमीटर पायी जाणे म्हणजे दुचाकींच्या आणि उभ्या कारच्या मधून वाट काढणे होय. ज्यांच्याजवळ किल्लीच नाही त्यांची यात सर्वाधिक कोंडी होते. शाळकरी मुले, म्हातारी माणसे, दृष्टिहीन व्यक्ती, चाकाची खुर्ची वापरणारे, फ्लॅट स्कीममध्ये घरकामाला येणाऱ्या बाया आणि रात्रपाळीचे चौकीदार रोज याच रस्त्यावरून जातात, पण रस्ता आखताना त्यांचा विचार कोणी केलेला नसतो.

हे बदलण्यासाठी उपनगर पाडून नव्याने वसवावे लागत नाही. नागपूरच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या अशा वस्त्यांत, रस्त्यांची रुंदी बहुधा पुरेशी असते, मोकळ्या जागाही नकाशात असतात. फक्त ही सगळी सार्वजनिक जमीन कोणताही निर्णय न घेता हळूहळू वाहनांच्या ताब्यात गेली आहे. ती परत कशी वाटून घ्यावी, याविषयीचे हे मार्गदर्शन ले-आऊटमधील नागरिक मंडळे, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि आपल्या प्रभागासाठी काही करू पाहणारे लोकप्रतिनिधी यांच्यासाठी आहे.

आधी चारशे मीटरचे वर्तुळ निवडा

संपूर्ण बेसा किंवा संपूर्ण हुडकेश्वर सुधारण्याचा प्रस्ताव कागदावरच राहतो. त्याऐवजी शाळा, बसथांबा किंवा भाजीची ठरलेली जागा यांपैकी जिथे माणसे आजही पायी जातात असे एक ठिकाण निवडावे आणि त्याच्याभोवती सुमारे ४०० मीटर अंतरातले रस्ते हाती घ्यावेत. धडधाकट माणसाला हे अंतर चालायला पाच मिनिटे लागतात आणि सांधेदुखी असलेल्या आजीला दहा. या वर्तुळात घरापासून त्या ठिकाणापर्यंत एक तरी वाट सलग, अखंड आणि सावलीची करायची, एवढेच पहिले उद्दिष्ट ठेवावे. विखुरलेल्या दहा ठिकाणी थोडे थोडे फूटपाथ बांधण्यापेक्षा एकच सलग वाट कितीतरी अधिक उपयोगाची असते, कारण चालणाऱ्याची अडचण जिथे फूटपाथ तुटतो तिथेच सुरू होते.

निवडलेला भाग पायी फिरून पाहावा आणि फिरताना फक्त पुरुषांनी जाऊ नये. बरोबर चाकाची खुर्ची किंवा काठी वापरणारी एखादी व्यक्ती, बाबागाडी घेतलेली आई, आठ-दहा वर्षांचे मूल आणि शेजारच्या वस्तीतून कामाला येणारी एखादी बाई असावी. एकदा सकाळी शाळेच्या वेळी, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर असे तीनदा फिरावे, कारण एकच रस्ता या तीन वेळी तीन वेगळे रस्ते असतो. प्रश्नही साधे विचारावेत. ‘इथे कोणत्या सुविधा हव्यात?’ असे विचारले तर लोक बाकडी आणि कारंजे सांगतात. ‘काकू, किराणा आणायला कोणत्या बाजूने जाता, आणि त्या बाजूनेच का?’ असे विचारले की कुत्री, अंधार, उघडा चेंबर, पानठेल्यावरची टवाळ पोरे आणि पावसात साचणारे पाणी हे सगळे आपोआप बाहेर येते. ही उत्तरे नकाशावर त्या त्या जागी लिहून ठेवावीत. पुढचा सारा आराखडा याच नोंदींवर उभा राहतो.

रस्ता नेमका कोणाचा आणि किती रुंद

यानंतर मोजपट्टी घेऊन रस्ता मोजावा. डांबराची किंवा सिमेंटची पट्टी मोजून भागत नाही; एका कंपाऊंडच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचे पूर्ण अंतर मोजायला हवे. मंजूर नकाशात १२ मीटर दाखवलेला रस्ता प्रत्यक्षात भिंतीबाहेर काढलेल्या बागा, पायऱ्या आणि जनरेटरचे ओटे यांमुळे १० मीटर उरलेला पुष्कळदा आढळतो. मंजूर ले-आऊटची प्रत नागपूर सुधार प्रन्यास, महापालिकेचा नगररचना विभाग किंवा हद्दीबाहेरच्या भागांसाठी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्याकडे असते. ती सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत घातलेली आहे.

नागपुरात हा मालकीचा प्रश्न इतर शहरांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणून तो सुरुवातीलाच सोडवलेला बरा. १९३६ मध्ये स्थापन झालेला सुधार प्रन्यास आणि महापालिका अशा दोन यंत्रणांनी शहराची वाढ हाताळली. त्यातच पूर्व व दक्षिण नागपुरात शेतजमिनींवर खसऱ्याप्रमाणे (जमिनीच्या भूमापन क्रमांकानुसार) पडलेले शेकडो ले-आऊट आधी विकले गेले आणि नंतर २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमित होऊ लागले. ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ अशा संख्येवरून पडलेल्या नावांनी ते नागपूरकरांना ठाऊक आहेत. याशिवाय मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असू शकतात, विजेचे खांब आणि रोहित्रे महावितरणची असतात आणि जलवाहिनीचे काम वेगळीच यंत्रणा पाहते. कोणत्या इंच जमिनीवर कोण उत्तरदायी आहे, याचा एक पानाचा तक्ता केला नाही तर अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो आणि मंडळाचा उत्साह तिथेच संपतो.

रुंदीची नवी वाटणी

हा या कामाचा गाभा आहे आणि याच ठिकाणी सर्वाधिक वेळ द्यावा. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार निवासी भागात फूटपाथवर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळी जागा हवी, दुकानांच्या रस्त्यावर ती किमान २.५ मीटर असावी आणि फूटपाथची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी. १.८ मीटर हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. समोरासमोर आलेल्या चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील इतकी ती रुंदी आहे. फूटपाथचे मनाने तीन पट्टे पाडावेत: घराच्या भिंतीलगतची अरुंद पट्टी, मधली चालण्याची पट्टी आणि रस्त्याकडेची पट्टी. खांब, झाडे, कचरापेट्या, बाकडी, फलक हे सारे तिसऱ्या पट्टीत जावे, म्हणजे मधली पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोकळी राहते.

१२ मीटरच्या रस्त्यावर हे प्रत्यक्ष कसे बसते ते पाहू. दोन्ही बाजूंना १.८ मीटरचे फूटपाथ घ्यावेत. ५.५ मीटरचा वाहनमार्ग ठेवावा. संथ वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन कारना आणि शाळेच्या बसलाही तो पुरतो. एका बाजूला २ मीटरची पट्टी ठेवून तिच्यात आळीपाळीने झाडांची आळी आणि कार उभी करण्याची जागा द्यावी. उरलेल्या ९० सेंटीमीटरमध्ये दुसऱ्या बाजूचे खांब आणि पेट्या बसवाव्यात. बेरीज बरोबर १२ होते. १८ मीटरच्या डीपी रोडवर (शहराच्या विकास आराखड्यातील रस्त्यावर) ७ मीटरचा वाहनमार्ग, दोन्हीकडे अडीच मीटरचे फूटपाथ, दोन्हीकडे दोन मीटरच्या झाडे-ठेले-पार्किंगच्या पट्ट्या आणि दोन मीटरचा सायकलमार्ग असे सहज बसते. आज त्याच १८ मीटरमध्ये वाहनमार्ग अवाढव्य असतो आणि त्याच्या कडेने मुरुमाची धूळ उडत असते.

९ मीटरच्या आणि त्याहून लहान गल्ल्यांसाठी माझे मत वेगळे आहे. तिथे दोन्हीकडे फूटपाथ ओढून-ताणून बसवला की एका बाजूला कार उभी राहते, दुसरी कार फूटपाथवर चढते आणि चालणारा पुन्हा रस्त्यावर येतो. अशा गल्लीत उंच-सखल न करता संपूर्ण पृष्ठभाग एका पातळीवर ठेवावा, गल्लीच्या तोंडाशी रस्ता उचलून घ्यावा, मध्ये झाडांच्या कुंड्या किंवा आळी आलटून-पालटून ठेवून वाहनांना सरळ धाव घेऊ देऊ नये आणि गल्ली चालण्यासाठी व खेळण्यासाठी आहे, वाहनाने तिथे पाहुण्यासारखे यायचे आहे, हे रचनेतूनच स्पष्ट करावे. मात्र दृष्टिहीन व्यक्तीला दिशा कळावी म्हणून अशा गल्लीतही एका बाजूला खडबडीत स्पर्शफरश्यांची सलग पट्टी आवश्यक असते.

वाहनमार्ग अरुंद करण्याचे कारण केवळ जागेचे नाही. रुंद, सरळ आणि गुळगुळीत सिमेंट रस्त्यावर चालकाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जोर देतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनाची धडक बसलेले बहुतेक पादचारी वाचतात. वेग ५० च्या पुढे गेला की मृत्यूचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणून ले-आऊटच्या आतले रस्ते ३० च्या वेगासाठीच आखावेत. नुसता फलक लावून तो वेग येत नाही.

फूटपाथ कोठे फसतो

नागपूरच्या उपनगरांत जिथे फूटपाथ बांधले गेले तिथेही लोक रस्त्यावरून चालतात आणि मग ‘लोकांनाच सवय नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. एखाद्या फूटपाथवर शंभर मीटर चालून पाहावे. प्रत्येक घराच्या फाटकासमोर गाडी चढवण्यासाठी सिमेंटचा उतार ओतलेला असतो, त्यामुळे फूटपाथ दर पंधरा-वीस पावलांना खाली जातो आणि पुन्हा वर येतो. मध्येच गडरलाइनच्या चेंबरचे झाकण चार बोटे वर आलेले असते. पुढे रोहित्राचा ओटा संपूर्ण रुंदी अडवतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाने अशा फूटपाथवर चढावे तरी कशासाठी?

उपाय उलटा आहे. फूटपाथची पातळी फाटकासमोरही तशीच सलग राहिली पाहिजे आणि वाहन चढण्यासाठीचा छोटा उतार रस्त्याकडेच्या तिसऱ्या पट्टीत द्यावा, म्हणजे खाली-वर होण्याचे कष्ट मोटारीला पडतात, माणसाला पडत नाहीत. चौकात फूटपाथ संपतो तिथे १:१२ चा उतार द्यावा, म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीसाठी १.८ मीटर लांबी, आणि उताराच्या तोंडाशी ठिपक्यांच्या सूचक फरश्या बसवाव्यात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ओलांडण्याच्या जागी रस्ताच फूटपाथच्या पातळीपर्यंत उचलणे. यात गतिरोधक आणि ओलांडणी ही दोन्ही कामे एकाच बांधकामात होतात आणि हाडे खिळखिळी करणारे उंच, अरुंद गतिरोधक काढून टाकता येतात.

चौकाच्या कोपऱ्याकडेही नीट पाहावे. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या वळणाची त्रिज्या इतकी मोठी ठेवतात की वळणाऱ्या वाहनाला वेग कमी करावाच लागत नाही आणि ओलांडणाऱ्याला मात्र दुप्पट अंतर चालावे लागते. ले-आऊटमधील रस्त्यांच्या कोपऱ्यावर ही त्रिज्या कमी केली, फूटपाथ थोडा पुढे आणला आणि कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंत पार्किंग बंद केले, तर ओलांडणारे लहान मूल चालकाला दिसते आणि चालक मुलाला दिसतो. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे.

बांधकामाच्या दर्जाविषयी एक गोष्ट दक्षिण व पश्चिम नागपूरच्या रहिवाशांनी विशेष लक्षात ठेवावी. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले की दोन पावसाळ्यांत फूटपाथ लाटांसारखा वर-खाली होतो. ती माती पुरेशा खोलीपर्यंत काढून मुरूम भरून दाबणे, त्यावर खडीचा थर, मग वाळूचा पातळ थर आणि त्यावर ६० मिलिमीटरचे गट्टू, तसेच दोन्ही कडांना पक्की किनार, हा क्रम निविदेत लिहिलेला आहे का ते पाहावे, आणि काम सुरू असताना मंडळाच्या कोणीतरी मुरूम भरला जात असतानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. गट्टू बसल्यानंतर खाली काय आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

सावलीशिवाय चालणे नाही

जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या शहरात सावली हीच पायाभूत सुविधा आहे. इतर शहरांतून उचललेले आराखडे इथे फसतात ते याच कारणाने. २६ मेच्या आसपास नागपुरात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्या काळात डोक्यावर पसरणारा झाडाचा विस्तारच उपयोगी पडतो. दुपार कलल्यावर मात्र सूर्य पश्चिमेला असतो, म्हणून उत्तर-दक्षिण रस्त्यावर पैसे अपुरे असतील आणि एकच फूटपाथ आधी करायचा असेल, तर तो पश्चिमेकडचा करावा. शाळा-कॉलेजातून आणि कामावरून परतणाऱ्यांना त्या बाजूच्या घरांची आणि झाडांची सावली मिळते.

झाडे निवडताना कडुनिंब, करंज, शिरीष, जांभूळ अशी इथल्या उन्हात आणि मातीत टिकणारी, पसरट सावली देणारी झाडे घ्यावीत. दुभाजकात लावलेले शोभेचे पाम चालणाऱ्याच्या काही उपयोगाचे नाहीत. वादळी पावसात गुलमोहर उन्मळून पडतो किंवा त्याच्या फांद्या तुटतात, म्हणून तो अरुंद रस्त्यावर नको. विजेच्या तारांखाली कांचन, बहावा यांसारखी मध्यम उंचीची झाडे लावावीत, नाहीतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महावितरणची छाटणी सावलीच नेते. दोन झाडांत साधारण आठ ते दहा मीटर अंतर ठेवले तर काही वर्षांत सावली सलग होते.

सिमेंट रस्ते करताना झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले गेले आहे, ते फोडून घेणे हे पहिले काम असावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तोच मापदंड अर्जात मागावा. बुंध्याभोवतीची आणि तिसऱ्या पट्टीतली माती उघडी ठेवण्याचा दुसरा लाभही आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते नागपूरकर विसरलेले नाहीत. उघड्या मातीच्या पट्ट्यांनी असा महापूर थांबत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण रोजच्या पावसाचे जे पाणी उंच झालेल्या सिमेंट रस्त्यावरून खालच्या अंगणांत शिरते, त्यातले बरेचसे रस्त्याच्या पातळीपेक्षा थोड्या खोलगट ठेवलेल्या आळ्यांत मुरवता येते.

मोकळी जागा सर्वांची कशी होईल

बहुतेक मंजूर ले-आऊटमध्ये साधारण दहा टक्के मोकळी जागा राखलेली असते. तिची अवस्था तीनपैकी एक असते: गवत आणि बांधकामाचा मलबा, कुलूपबंद उद्यान किंवा सणासुदीच्या मंडपापुरती उघडणारी जागा. उद्यान झाले म्हणजे काम झाले असे मानू नये. प्रवेशद्वारापासूनच पाहावे. गुरे आणि दुचाकी आत येऊ नयेत म्हणून जो फिरता लोखंडी दांडा किंवा नागमोडी पाइप लावतात, त्यातून चाकाची खुर्ची आणि बाबागाडीही जात नाही. शेजारी ९० सेंटीमीटर रुंदीचे साधे फाटक ठेवावे आणि त्याला कुलूप लावू नये. जागेला दोन विरुद्ध बाजूंना दारे असली की ती रोजच्या जाण्यायेण्याची वाट बनते आणि माणसांचा वावर असलेली जागा आपोआप सुरक्षित राहते. उंच भिंतीऐवजी आरपार दिसेल असे कमी उंचीचे कुंपण घालावे, म्हणजे समोरच्या घरांतून आतले दिसते. संध्याकाळी सात वाजता मुलीला तिथे एकटी पाठवायची का, याचा निर्णय आई याच गोष्टीवरून घेते.

आतील जागेची वाटणी करताना सध्या ती कोण वापरते आणि कोण वापरत नाही याची नोंद करावी. संध्याकाळी बहुतेक मैदानांवर मोठ्या मुलांचे क्रिकेट असते. मुली कडेने फेऱ्या मारतात किंवा येतच नाहीत. क्रिकेट बंद करणे हा उपाय नाही. एका कोपऱ्यात बॅडमिंटन-थ्रोबॉलची आखणी, एका भागात लहानांचा वाळूचा चौक, सभोवती १.८ मीटर रुंदीची सपाट वाट आणि ठरावीक वेळा मुलींसाठी, असे नियोजन महिला मंडळाने बसून ठरवावे. बाकड्यांना पाठ आणि हात हवेत, कारण हाताला आधार नसेल तर म्हाताऱ्या माणसाला बसता येते पण उठता येत नाही. बाकड्याशेजारी चाकाची खुर्ची उभी राहील इतकी सपाट जागा ठेवावी, म्हणजे ती व्यक्ती गप्पांच्या घोळक्यात राहते, बाजूला पडत नाही. उन्हाळ्यासाठी प्याऊ आणि वर्षभर वापरता येईल असे स्वच्छतागृह ग्रीन जिमच्या (उघड्यावरच्या व्यायामसाधनांच्या) आधी मागावे. ग्रीन जिमसाठी निधी लवकर मिळतो हे खरे, पण जिथे दोन तास बसून राहता येत नाही तिथे बायका येत नाहीत.

तुटलेल्या वाटा आणि ठेले

वेगवेगळ्या मालकांनी वेगवेगळ्या वेळी ले-आऊट पाडल्यामुळे एका ले-आऊटचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीवर संपतो. शाळा भिंतीपलीकडे दोनशे मीटरवर असते आणि रस्त्याने मात्र दीड किलोमीटर पडते. मग मुलाला दुचाकीवर सोडण्यावाचून मार्ग राहत नाही. निवडलेल्या वर्तुळात अशा भिंती, नाले आणि रिकामे भूखंड शोधावेत. दोन-अडीच मीटरची केवळ चालणाऱ्यांसाठीची आणि सायकलसाठीची वाट, नाल्यावर छोटा पादचारी पूल किंवा सार्वजनिक उपयोगाच्या भूखंडातून जाणारी पायवाट यांसाठी खर्च कमी येतो आणि वाचणारे अंतर मोठे असते. शेजारच्या ले-आऊटचे लोक ‘बाहेरचे येतील’ म्हणून विरोध करतात. त्यांना बरोबर घेऊनच हे करावे लागते. दिवे आणि दोन्ही बाजूंनी दिसणारी सरळ वाट असेल तर विरोध बहुधा निवळतो.

हाच नियम मेट्रोला लागू आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी उरलेले मार्ग सुरू होऊन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर असे सुमारे ४० किलोमीटरचे जाळे पूर्ण झाले, पण उज्ज्वलनगर, जयप्रकाशनगर किंवा छत्रपती चौक स्थानकापर्यंत चालत जाणे सुखाचे नसेल तर प्रवासी दुचाकीवरच राहतो. ज्यांचे वर्तुळ मेट्रो स्थानकाजवळ किंवा महापालिकेच्या ‘आपली बस’ सेवेच्या थांब्याजवळ आहे त्यांनी पहिली सलग वाट त्याच दिशेने घ्यावी.

ठेल्यांविषयी स्पष्ट भूमिका असावी. भाजीवाली, इस्त्रीवाला, चहाटपरी यांना हटवून फूटपाथ मोकळा केला की रस्ता ओस पडतो आणि चालण्याचे कारणच नाहीसे होते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि विक्रीच्या जागा ठरवण्यात तिची भूमिका असते. तिसऱ्या पट्टीत ठेल्यांसाठी जागा आखून द्याव्यात, मधली पट्टी मोकळी ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्यांशी बोलून ठरवावी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्याचा तेवढा भाग वाहनांसाठी बंद ठेवण्याची मागणी करावी.

आधी चुन्याने, मग सिमेंटने

पक्के बांधकाम मागण्यापूर्वी प्रयोग करून पाहावा. महापालिकेचे झोन कार्यालय आणि वाहतूक पोलीस यांची लेखी परवानगी घेऊन एका चौकात कोपरे चुन्याने आखावेत, शंकू आणि कुंड्या ठेवून वाहनमार्ग अरुंद करावा आणि दोन आठवडे तसेच राहू द्यावे. आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळी एका ठरलेल्या तासात किती माणसे पायी गेली, त्यांत मुले, स्त्रिया आणि वृद्ध किती, किती जणांना रस्ता ओलांडताना थांबावे लागले, हे मोजावे. पार्किंग जाईल असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना भाषणापेक्षा हा प्रयोग अधिक पटतो. तरीही हरकत राहिलीच तर नम्रपणे पण ठाम सांगावे, ‘काका, तुमची गाडी तुमच्या आवारात मावते, रस्त्यावरची जागा आपल्या सर्वांची आहे.’ ज्या जुन्या इमारतींत खरोखर पार्किंग नाही त्यांची गणना वेगळी करून त्यांच्यासाठी आळीपाळीच्या पट्टीत जागा ठेवावी.

प्रस्तावात मोजणीचा नकाशा, रुंदीच्या वाटणीचे रेखाटन, प्रयोगाची आकडेवारी आणि मालकीचा तक्ता जोडावा. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आणि केंद्र सरकारची २०२१ ची सार्वत्रिक सुगम्यतेची सुसंवादी मार्गदर्शक तत्त्वे यांचा उल्लेख करावा, कारण सुगम रस्ता ही मेहेरबानी राहिलेली नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फूटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. हा आधार अर्जाच्या पहिल्याच पानावर असावा. राज्यातील उदाहरण हवे असेल तर पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ केले, ते अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन पाहता येते. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा अर्थसंकल्पात तरतूद हवी असेल तर प्रस्ताव दिवाळीनंतर लगेच दहा झोनपैकी आपल्या झोनच्या कार्यालयात आणि प्रभागाच्या नगरसेवकांकडे पोचला पाहिजे. मार्चमध्ये दिलेला प्रस्ताव एक वर्ष मागे पडतो. हद्दीबाहेरच्या ले-आऊटने तो ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत आणि महानगर प्रदेश प्राधिकरण अशा दोन्हीकडे द्यावा.

काम पूर्ण झाल्यावर खरी परीक्षा केबल किंवा जलवाहिनीसाठी पहिल्यांदा फूटपाथ खोदला जाईल तेव्हा होते. खोदकामाची परवानगी देताना पूर्ववत बांधणीची अनामत घेतली जाते का आणि ती कोणत्या अभियंत्याच्या सहीने परत होते, हे आधीच लेखी विचारून ठेवावे. मंडळातील दोघांकडे ही जबाबदारी नावानिशी द्यावी: दर महिन्याला ती सलग वाट पायी चालायची, उखडलेले गट्टू, बंद दिवे, अडवलेला उतार आणि वाळलेली रोपे यांची छायाचित्रे काढायची आणि झोन कार्यालयात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मंडळाच्या वहीत लिहायचा. वाळलेल्या रोपाच्या जागी पुढच्या जूनमध्ये नवे रोप लावून घ्यायचे. पहिली वाट वर्षभर अशी टिकली की दुसऱ्या चारशे मीटरची मोजणी सुरू करावी.